सहाशेची लेन्स आणि पंधरा फूट

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सफारी गेटवर काम करणाऱ्या महिला गाइडचं ओळखपत्र जमा करून घेण्यात आलं. रविवारी सकाळच्या फेरीत तिनं जिप्सी वाघिणीच्या नियमापेक्षा जास्त जवळ नेऊ दिली, असा आरोप होता. पुरावे दोन होते. एक फोटो आणि काही सेकंदांचा एक व्हिडिओ. शुक्रवारी चौकशी ठेवली होती. आरोप कायम राहिला तर ओळखपत्र रद्द होणार होतं आणि त्या गेटवर तिला पुन्हा काम मिळणार नव्हतं.

फोटो मला त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. रस्त्याच्या मधोमध वाघीण आडवी उभी. तिच्या मागे जिप्सी. वाघिणीची पाठ आणि जिप्सीचं बॉनेट यांच्यात पंजाही जाणार नाही एवढी फट. जिप्सीत गाइड उभी, तोंड उघडं, एक हात वाघिणीकडे केलेला. फोटो कापलेला होता हे कळत होतं, कारण त्याच्या कडा कोणत्याही कॅमेऱ्याच्या चौकटीत बसत नव्हत्या. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, किती वाजता, यातली एकही नोंद फाइलमध्ये नव्हती. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती राहतच नाही, त्यामुळे ती नसण्यावरून काहीच ठरत नव्हतं.

व्हिडिओ तिच्याच जिप्सीतल्या पाहुण्यानं घेतला होता. आत मोबाईल बंद असतात, म्हणून कॅमेऱ्यावर. चित्र हलत होतं, फोकस वाघिणीवरून बांबूवर आणि बांबूवरून परत वाघिणीवर जात होता. आवाज मात्र स्वच्छ होता. बाईचा आवाज. "पंधरा फूट सर, पंधरा फूट! एवढ्या जवळ कोणाले दिसत नाई!"

बुधवारी सकाळी तिचा फोन आला. आदल्या हिवाळ्यात मी सफारी गाइडांवर लिहिलं होतं तेव्हा एका फेरीला ती माझ्या जिप्सीत होती. नंबर तिनं ठेवला होता.

"जय भीम भाऊ. तुमच्यापाशी तो मोठा कॅमेरा आहे ना?"

"आहे."

"मंग फोटो खोटा कसा निघते थे मले सांगा. शुक्रवारी सांगा लागते साहेबाले."

मी म्हणालो, फोटो खोटा आहे असं मला दिसत नाही.

"तुमाले बी नाई दिसत? झालं मंग," ती म्हणाली आणि फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "येता काय इकडे?"

मी गेलो. तिच्यावर विश्वास होता म्हणून नाही. फोटो पसरवणाऱ्यावरही नव्हता, आणि दोन्हीकडची बाजू तपासल्याशिवाय बातमी करायची नव्हती.

घर नागभीडच्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांच्या कडेला. सासू पडवीत मोहाची फुलं निवडत बसली होती. तिनं मला बसायला खाट दिली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "आला पेपरवाला. आता आणखी एक फोटो निघन तुया."

"बाई, मी फोटो काढायला नाही आलो."

"मंग गळ्यात काय घातलं? घंटी?"

गळ्यात कॅमेरा होता. त्याला दीडशे ते सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स लावलेली. ही लेन्स मी मूलच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुनी घेतली होती. घेताना मागून टॉर्च मारून पाहिलं होतं. आतल्या एका काचेच्या कडेला बुरशीचा बारीक धागा होता. विकणारा त्याला धूळ म्हणत होता. मी त्याला बुरशी म्हणालो. व्यवहार झाला, पण त्या लेन्सवर माझा पूर्ण विश्वास कधी बसला नाही. जमिनीकडे तोंड केलं की तिचं नळकांडं स्वतःच्या वजनानं खाली सरकतं. उन्हाळ्यात अकरानंतर लांबचं काहीही घेतलं की हवा लहरते, आणि पडद्यावर चकचकीत दिसलेला फोटो घरी मोठा करून पाहिला की लोकरीसारखा निघतो. वाळलेल्या गवतात फोकस हवं त्या गोष्टीवर न बसता गवतावर बसतो. कॅमेराही नवा आहे, आरसा नसलेला. त्याच्या खिडकीतून जंगल दिसत नाही, एक छोटा टीव्ही दिसतो, आणि त्या टीव्हीवर गवत किती पिवळं दाखवायचं हे कॅमेरा स्वतः ठरवतो. शटरचा आवाज बंद करता येतो. समोरच्या माणसानं फोटो काढला की नाही, हे आता कानानं कळत नाही.

मी तिला विचारलं, वाघीण किती लांब होती.

"पाच-सहा जिप्स्या मावल्या असत्या मधात."

"मग पंधरा फूट का म्हणालात?"

ती सासूकडे बघून हसली. सासू हसली नाही.

"भाऊ, तुमाले खरं सांगू? पावण्याले लांब सांगतलं का त्याचं तोंड उतरते. थो पुण्याहून आला, मुंबईहून आला, त्याले वाटते आपल्याले दुरून दाखवलं. म्हून आमी जवळ सांगतो. ते सगळेच सांगते. साठ फूट असन तर वीस. वीस असन तर, बापा, अंगावरच आला असता सर. पावणा खूश होऊन जाते. गावाले जाऊन सांगते, पंधरा फुटावर वाघ होता."

"त्याच्याकडे फोटो असतो की."

"फोटोत फूट दिसते काय?"

हे मी वहीत लिहिलं. तिच्या सोयीचं होतं, म्हणून बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं. मग ड्रायव्हरला वेगळं गाठून तोच प्रश्न विचारला. त्याला समज देऊन सोडलं होतं, कारण गाडी कुठं थांबवायची हे गाइड सांगते. तो म्हणाला, मध्ये चार जिप्स्या मावल्या असत्या. तिनं पाच-सहा सांगितल्या होत्या. दोघांचं एकमत असतं तर मला जास्त संशय आला असता.

तो फोटो समोरच्या बाजूनं, दुसऱ्या जिप्सीतून घेतलेला होता. म्हणजे आधी वाघीण, तिच्या पलीकडे गाइडची जिप्सी, आणि दोन्हीपासून लांब फोटो काढणारा. लांबून मोठ्या लेन्सनं घेतलं की पुढची आणि मागची वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी फोटो काढणाऱ्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही. गोंडपिपरीच्या तहसीलसमोर वीस-पंचवीस माणसांचं धरणं असलं आणि रस्त्याच्या पार टोकावरून घेतलं, की मंडप भरतो. तेच जवळ जाऊन मोबाईलनं घेतलं, की खुर्च्यांमधल्या मोकळ्या जागा दिसतात. आयोजक पहिला फोटो पाठवतात, विरोधक दुसरा. दोन्ही खरे असतात.

पण असं होऊ शकतं आणि रविवारी तसंच झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुरुवारी दुपारी आम्ही पहिली तेवढी तपासली.

गावाबाहेरचा सरळ रस्ता निवडला. ड्रायव्हरनं जिप्सी आणून उभी केली. वाघिणीच्या जागी शेजाऱ्याची तांबडी गाय. चार जिप्स्यांचं अंतर मोजून ती रस्त्यावर आडवी उभी केली. तिला धरायला तिचा मालक. मी विरुद्ध बाजूला लांब गेलो. लेन्सखाली ठेवायला गाइडनं धान भरलेली कापडी पिशवी दिली होती. सफारीतले फोटोग्राफर जिप्सीच्या कठड्यावर असंच काही ठेवतात, म्हणजे हात थरथरत नाही. पिशवी मोटरसायकलच्या सीटवर ठेवली आणि वाकून पाहिलं. लेन्सचा धातू हाताला चटका देत होता.

तोपर्यंत पाच-सहा माणसं जमली होती.

"काय करून राह्यले हो?"

"गायीचा फोटो काढून राह्यले."

"एवढ्या दुरून? मारते काय थे?"

"वाघीण आहे म्हणे थे."

"मंग याची गाय मेली समज," एकानं मालकाकडे बघून सांगितलं. मालकानं त्याला शिवी दिली. गाय शेण टाकून मोकळी झाली.

सहाशेवर घेतलेल्या फोटोत गायीची पाठ आणि जिप्सीचं बॉनेट जवळजवळ एकमेकांना टेकले होते. तिथंच उभं राहून दीडशेवर घेतला, मग कापून मोठा केला. तोच फोटो, फक्त भुरका. कापण्यानं अंतर बदलत नाही. मग मी गायीच्या अगदी जवळ जाऊन मोबाईलनं एक घेतला. त्यात जिप्सी मागे लहानशी होती, आणि मधला रस्ता एवढा लांब की त्यावर लग्नाची पंगत बसली असती.

गाइडनं तिन्ही फोटो, दोन कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणि एक मोबाईलवर, डोक्यावर ओढणी धरून सावलीत पाहिले.

"हेच तर म्हणून राह्यली मी!"

"यावरून एवढंच कळतं की गाय लांब होती," मी म्हणालो. "वाघीण लांब होती हे नाही कळत."

तिनं कॅमेरा माझ्या हातात परत दिला. "भाऊ, तुमी आमच्याकडून हाव का त्यायच्याकडून?"

मी कुणाकडूनच नव्हतो. तसं सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

फोटो काढणारा नागपूरचा होता आणि अजून गेटजवळच्या एका रिसॉर्टवर मुक्कामाला होता. फोनवर तो सभ्यपणे बोलला होता, पण मूळ फाइल द्यायला तयार नव्हता. मी ती छापीन, अशी त्याला शंका होती. तो काही लपवतो आहे, अशी मला होती. गुरुवारी चारच्या सुमारास मी रिसॉर्टवर गेलो. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, पण माऊस स्वतःकडे ठेवला.

मूळ चौकट व्हॉट्सअॅपवरच्या फोटोपेक्षा बरीच मोठी होती. लेन्स सहाशेवर, माझ्यासारखीच. नोंदीतली वेळ पाहून मी थांबलो. त्या वेळेला गेट उघडलेलंच नसतं. सूर्यही उगवलेला नसतो, आणि फोटोत तर ऊन होतं.

"ही वेळ बरोबर आहे?"

त्यानं वाकून पाहिलं. चेहरा उतरला. मग त्यानं आधीचे फोटो उघडले. हत्ती, जिराफ, पुन्हा हत्ती. मार्चमध्ये तो केनियाला गेला होता. तिथं कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, ते परत आल्यावर तसंच राहिलं. अडीच तास मिळवले की वेळ सकाळच्या फेरीत बसत होती. मी केनियाचे सगळे फोटो पाहायला मागितले. त्यानं दाखवले. त्यांच्यावरच्या वेळा आणि सावल्या तिथल्या घड्याळाशी जुळत होत्या.

"तुम्ही कापलेला फोटो का पाठवलात?"

"बाजूला नुसतं गवत होतं. चांगला दिसत नव्हता."

"तक्रार तुम्ही केली?"

"नाही. मी मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पुढं कोणी नेला माहीत नाही."

हे खरं की खोटं, मला तपासता आलं नाही. बाजूला ज्याला तो नुसतं गवत म्हणत होता, त्यात उजव्या कडेला वनकक्षाचा, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा, आकडा रंगवलेला दगडी खांब होता. वाघीण त्या खांबाच्या रेषेत उभी होती. म्हणजे तिची जागा ठरवता येत होती. जिप्सीची चाकं मात्र रस्त्याच्या उतारात बुडालेली होती. ती नेमकी कुठं होती, हे फोटोवरून सांगता येत नव्हतं. अर्धं अंतर हातात आलं होतं. त्यानं मूळ फाइल मला दिली नाही, पण चौकशीत अधिकाऱ्यांनी मागितली तर दाखवीन म्हणाला. हे त्यानं मेसेजवर लिहून द्यावं, असं मी सांगितलं. त्यानं दिलं.

मी ते सांगायला गाइडच्या घरी गेलो तेव्हा पडवीत तीन पुरुष बसले होते. त्याच गेटवरचे गाइड. ती चहा देत होती. माझ्याकडे पाहून त्यांचं बोलणं तुटलं, मग त्यांच्यातला वयानं मोठा होता त्यानं ते तसंच पुढं चालू केलं. मी ऐकावं असंच त्याला वाटत असावं.

"पाय बाई, तू चौकशीत काहीबी सांग. लेन्स मोठी होती म्हण, फोटो कापला म्हण. पण पंधरा फुटाचं कारण नको सांगू."

"मंग काय सांगू? आवाज माया आहे तो."

"घाबरली होतीस म्हण. तोंडातून निघून गेलं म्हण."

"मी वाघिणीले घाबरली म्हणू?" ती हसली. "मंग मले गाइड कायले ठेवन ते?"

दुसरा म्हणाला, "तू सांगशीन सगळेच असं सांगते, तर साहेब सगळ्यायवर लागन. पावणे बी ऐकन. मंग आमच्या तोंडचं कोण खरं मानन? बायकांले गेटवर घेतलं तेव्हाच म्हटलं होतं मी."

"काय म्हटलं होतं?" आतून सासूनं विचारलं.

त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

"नाई, सांग ना. काय म्हटलं होतं? माही सून तुयापेक्षा जास्त वाघ दाखवते हे म्हटलं होतं काय?"

मोठा गाइड उठला. जाताना एवढंच म्हणाला, "तू तुयं कार्ड वाचव. पण आपल्याले रोज गेटवरच्या त्याच बाकावर बसा लागते, हे ध्यानात ठेव."

ते गेल्यावर मी खांबाचं सांगितलं. तिनं ऐकलं, पण तिचं लक्ष तिथं नव्हतं. विचारलं, "भाऊ, लेन्सवर भागन काय?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

शुक्रवारी अकरा वाजता वनविभागाच्या कार्यालयात चौकशी सुरू झाली. मला आत घेतलं नाही. दार उघडं होतं, कूलर बंद होता, आणि व्हरांड्यातल्या बाकावर आतलं ऐकू येत होतं. त्याच बाकावर कालचे तिघंही होते.

तिनं आमच्या गायीचे फोटो टेबलावर ठेवले. अधिकाऱ्यानं ते पाहिले आणि बाजूला सरकवले.

"टेली लेन्सचं मला सांगू नका. माझ्याकडेही आहे तसली लेन्स. फोटोवर मी कुणाचं कार्ड काढत नाही." मग त्यानं व्हिडिओ लावला. तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

"हा आवाज तुमचाच?"

"हो साहेब."

"पंधरा फूट तुम्हीच म्हणालात?"

"हो."

"आणि आता म्हणता लांब होती. म्हणजे तुम्ही एकदा खोटं बोललात. तेव्हा पाहुण्याशी, की आता माझ्याशी?"

बाकावरच्या मोठ्या गाइडनं मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"पावण्याशी," ती म्हणाली.

"का?"

"त्याले बरं वाटावं म्हून."

"असं तुम्ही एकट्याच करता?"

"मले माह्यं विचारा साहेब. दुसऱ्याचं मी नाई सांगत."

अधिकाऱ्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिनं तेच उत्तर दिलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. उघड्या दारातून तो व्हरांड्यातल्या बाकाकडे पाहत होता. मग त्यानं नागपूरच्या फोटोग्राफरला फोन लावायला सांगितलं.

शनिवारी दुपारची फेरी सुरू होण्याआधी दोन वनरक्षक टेप घेऊन त्या खांबाजवळ गेले. तिला आणि ड्रायव्हरला वेगवेगळ्या गाडीतून नेलं आणि जिप्सी कुठं होती ते वेगवेगळं दाखवायला लावलं. मला आत जाऊ दिलं नाही. काय मोजलं ते मी रविवारी अधिकाऱ्याला फोनवर विचारलं. त्यानं आदेशातल्या ओळी वाचून दाखवल्या. गाइडनं आणि ड्रायव्हरनं दाखवलेल्या जागा एक नव्हत्या. दोन्ही नियमात बसत होत्या. जिप्सी प्रत्यक्षात कुठं उभी होती हे फोटोवरून निश्चित करता येत नाही. पाहुण्याला चुकीचं अंतर सांगितल्याबद्दल गाइडला लेखी समज. ओळखपत्र परत. यापुढं त्या गेटवरच्या कोणत्याही गाइडनं पाहुण्याला वन्यप्राण्याचं अंतर सांगू नये.

"शेवटची ओळ सगळ्यांसाठी का?" मी विचारलं. "तिनं तर दुसऱ्या कुणाचं काही सांगितलं नाही."

"ते आदेशात नाही," तो म्हणाला.

तक्रार कुणी केली होती, हेही त्यानं सांगितलं नाही. व्हिडिओ घेणाऱ्या पाहुण्याला मी चार वेळा फोन केला. त्यानं उचलला नाही.

सोमवारी पहाटे मी गेटवर होतो. बाकावर गाइड बसले होते. ती आली, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी तिच्याशी बोललं नाही. ती बाकावर बसली नाही, चेकपोस्टच्या भिंतीला टेकून उभी राहिली. नंबर लागल्यावर तिला एक जिप्सी मिळाली. मागच्या सीटवर नवरा-बायको, दोघांच्या गळ्यात कॅमेरे. गेट उघडलं. तिची जिप्सी तिसरी आत गेली.